राउटरच्या पाठीमागची खास खिडकी

घरात इंटरनेट आणणारा डबा, म्हणजे राउटर, आता टीव्हीइतकाच ओळखीचा झाला आहे. तो कसा चालतो याची चौकशी मात्र तो अडखळायला लागला की मगच होते. मुलाचा खेळ ऐन रंगात आलेला असतो आणि पडद्यावरचा शत्रू जागच्या जागी थिजतो. त्याच वेळी आईचं परदेशातल्या लेकीशी बोलणं चाललेलं असतं आणि लेकीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा तुटक तुटक येऊ लागतो. वडील म्हणतात, ‘हा सगळा त्या गेमचा प्रताप.’ मुलगा म्हणतो, ‘बाबा, राउटरच जुना झालाय. गेमिंग पोर्टवाला घेऊ या.’ दुकानात गेलं की असा राउटर मिळतोही. जरा जास्त पैसे मोजावे लागतात, इतकंच.

आज आपण या गेमिंग पोर्टबद्दल बोलू. पोर्ट म्हणजे राउटरच्या पाठीमागे केबल खोचायला ज्या चौकोनी खाचा असतात, त्यांतली एक. दिसायला ती शेजारच्या खाचांसारखीच असते. आसुस कंपनीच्या आरटी-एएक्स८६यू या राउटरचं उदाहरण घेऊ. त्यात पहिल्या क्रमांकाचा लॅन पोर्ट खेळासाठी राखलेला आहे. खेळाचा संगणक किंवा प्लेस्टेशनसारखं यंत्र तिथं जोडलं की त्याला आपोआप प्राधान्य मिळतं, असं कंपनी सांगते. आता हे प्राधान्य म्हणजे नेमकं काय? त्या खाचेतून इंटरनेट जास्त वेगानं येतं का? तर नाही. वेग तेवढाच राहतो. बदलतो तो रांगेतला क्रम. आणि रांगेत एकाला पुढं घेतलं की दुसऱ्याला मागं थांबावं लागतं, हे रेशनच्या दुकानात उभं राहिलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको.

मग ही रांग असते कुठं, ती लागते कशामुळं, आणि तिच्यात कोण कोणाला अडवतं? एवढं समजलं की दोन गोष्टींचा उलगडा होतो. पैसे कशावर खर्च करायचे ते कळतं आणि घरातल्या भांडणात कोणाची बाजू घ्यायची तेही कळतं.

सुरुवात मुळापासून करू. इंटरनेटवरून कोणतीही गोष्ट सलग जात नाही. फोटो असो, गाणं असो की आवाज असो, त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून तो वेगळा पाठवतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण सरळ पाकीट म्हणू. १९६० च्या दशकात ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले डोनाल्ड डेव्हिस यांनी हे नाव रूढ केलं. घरच्या जोडणीवर एका पाकिटात साधारणपणे जास्तीत जास्त १,५०० बाइट मजकूर मावतो. मोबाइलमधला ५ मेगाबाइटचा एक फोटो पाठवायचा तर अशी ३,४०० च्या आसपास पाकिटं लागतात.

घरातल्या सगळ्या यंत्रांची पाकिटं राउटरकडे येतात आणि एकाच दारानं बाहेर पडतात. राउटरपर्यंत येणारी घरातली केबल सेकंदाला १,००० मेगाबिट वाहून नेऊ शकते. दाराबाहेर मात्र आपण ज्या योजनेचे पैसे भरतो तेवढाच वेग. काही जोडण्यांवर माहिती उतरवून घ्यायचा वेग भरपूर असतो आणि घरून बाहेर चढवायचा वेग त्याच्या एक दशांश असतो. आपण हिशेबासाठी चढवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरू. चौपदरी रस्त्यावरून गाड्या सुसाट याव्यात आणि पुढं जुना अरुंद पूल लागावा, तशी ही स्थिती. रांग लागते ती पुलाच्या तोंडाशी.

या रांगेत खेळाची पाकिटं किती असतात? ‘व्हॅलोरंट’ नावाचा एक लोकप्रिय नेमबाजीचा खेळ आहे. त्याचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो. समजा, दर वेळी आपल्याकडून १०० बाइटांचं एक पाकीट गेलं, तर सेकंदाला होतात १२,८०० बाइट, म्हणजे लाखभर बिट. आपल्या १० मेगाबिटच्या पुलाचा हा जेमतेम शंभरावा हिस्सा. खेळ डिस्कवर उतरवून घेताना शंभर-शंभर गिगाबाइट लागत असतील, पण एकदा उतरवून घेतल्यावर तो खेळताना होणारी ये-जा अशी चिमूटभर असते. फोनवरच्या बोलण्याचंही तसंच.

वजनाला हलकी असली तरी ही पाकिटं उतावळी असतात. शत्रू कोपऱ्यावरून वळला, ही बातमी पाव सेकंद उशिरा आली तर तिचा उपयोग नाही. तोवर आपला गडी पडलेला असतो. बोलण्यातही हेच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची यासाठी एक शिफारस आहे. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण स्वाभाविक वाटतं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. विलंब याहून बराच वाढला की दोघंही एकदम बोलायला लागतात, मग दोघंही एकदम थांबतात, आणि ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच वेळ जातो.

याउलट काही पाकिटं अगदी निवांत असतात. फोटोंची क्लाउडवर जाणारी प्रत, संगणकाचं अपडेट, रात्री बघायला म्हणून उतरवून ठेवलेला सिनेमा. त्यांतलं एखादं पाकीट आत्ता गेलं काय आणि पाच सेकंदांनी गेलं काय, कोणाचं काही अडत नाही. पण संख्येनं ती अफाट असतात.

आता पहिल्या प्रसंगाकडे बघा. समजा, घरातली ताई लग्नाहून परत आली. तिच्या फोनमध्ये २०० फोटो आहेत. फोन घरच्या वायफायला जोडला गेला आणि कोणालाही न विचारता त्यानं ते क्लाउडवर चढवायला सुरुवात केली. सगळे मिळून झाले १ गिगाबाइट. १० मेगाबिटच्या पुलावरून ते जायला लागतात ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटांहून थोडं जास्त. एवढा वेळ पुलाच्या तोंडाशी रांग भरलेली राहते. ताई दमून झोपलेली असते, फोन टेबलावर शांत पडलेला असतो, आणि वडील मुलाला बोलत असतात. खरं म्हणजे मुलगा आणि आई, दोघंही त्या एकाच रांगेत अडकलेले असतात. घरात आपण भांडण लावतो खेळ आणि काम यांच्यात. रांगेतलं भांडण मात्र उतावळ्या पाकिटांचं आणि निवांत पाकिटांचं असतं.

ही रांग किती लांब होऊ शकते, हेही पाहण्यासारखं आहे. पुलाच्या तोंडाशी पाकिटं थोपवून धरायला यंत्रात जागा ठेवलेली असते. तिला बफर म्हणतात. मेमरी महाग होती तेव्हा ही जागा तोकडी असायची. पुढं मेमरी स्वस्त झाली, आणि एकही पाकीट हरवू नये या सद्हेतूनं यंत्रं बनवणाऱ्यांनी मोठमोठे बफर ठेवायला सुरुवात केली. परिणाम उलटा झाला. १ मेगाबाइटचा बफर भरला, की १० मेगाबिटच्या पुलावरून तो रिकामा व्हायला ८०० मिलिसेकंद लागतात. खेळाच्या १०० बाइटांच्या पाकिटाला पूल ओलांडायला एक दशांश मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. पण ते रांगेच्या शेपटाला उभं राहिलं, की पाऊण सेकंदाहून जास्त काळ तिष्ठत राहतं.

२०१० साली अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी हे दुखणं आपल्या घरच्या जोडणीवर पकडलं. एक्स विंडो सिस्टिम ही युनिक्स संगणकांवरची चित्रमय व्यवस्था ज्यांनी घडवली, त्यांतले ते एक. मोठी फाइल घरून बाहेर पाठवायला लागलं की बाकीचं सगळं इंटरनेट गुदमरतं, हे त्यांना दिसलं. त्यांनी खोलात जाऊन मोजमाप केलं आणि या विकाराला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. साठ्याची पोटफुगी म्हणा ना! जोडणीचा वेग चांगला होता, तार धडधाकट होती. दुखणं होतं ते नको इतकी लांब रांग लागू देण्यात.

आता गेमिंग पोर्ट काय करतो ते बघू. कोकण रेल्वेनं प्रवास केलेल्यांना हे चटकन समजेल. त्या मार्गाचा बराच भाग अजून एकेरी आहे. मागून जलद गाडी येत असली की स्टेशनमास्तर मालगाडीला बाजूच्या रुळावर उभी करतो, जलद गाडी पुढं काढतो आणि मग मालगाडीला सिग्नल देतो. गेमिंग पोर्ट असलेल्या राउटरमध्ये असाच बाजूचा रूळ असतो. दारापाशी एकाऐवजी दोन किंवा अधिक रांगा केलेल्या असतात. कोणतं पाकीट कोणत्या खाचेतून आत आलं, हे राउटरला ठाऊक असतं. खास खाचेतून आलेलं पाकीट तो पहिल्या रांगेत घालतो, बाकीची दुसऱ्या रांगेत. दार मोकळं झालं की आधी पहिली रांग बघायची. तिथं कोणी नसेल तरच दुसऱ्या रांगेतलं एक पाकीट सोडायचं. ढोबळमानानं कारभार एवढाच.

रेल्वेचा आणखी एक नियम इथं लागू पडतो. मालगाडी एकदा पुढच्या सेक्शनमध्ये शिरली, की कितीही महत्त्वाची गाडी मागून आली तरी तिला मालगाडी पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत थांबावं लागतं. पाकिटाचंही तसंच. दारातून निघालेलं १,५०० बाइटांचं पाकीट मध्येच तोडत नाहीत. ते पूर्ण जाईपर्यंत खेळाच्या पाकिटाला थांबावंच लागतं. १० मेगाबिटला हा वेळ १.२ मिलिसेकंद होतो. म्हणजे ८०० मिलिसेकंदांच्या जागी एक-सव्वा मिलिसेकंद. फरक केवढा ते बघा! आणि खेळ पुलाचा शंभरावाच हिस्सा वापरत असल्यामुळं लग्नाच्या फोटोंना त्याची झळही पोचत नाही. ते जातात आठ-दहा सेकंद उशिरा.

इथवर गेमिंग पोर्टची बाजू भक्कम दिसते. पण त्याला काही अटी आहेत, आणि त्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या नसतात.

पहिली अट अशी, की रांग राउटरमध्येच लागायला हवी. स्टेशनमास्तर आपल्या स्टेशनात उभ्या असलेल्या गाड्यांचाच क्रम लावू शकतो. सोडून दिलेल्या गाड्या पुढच्या स्टेशनात तुंबल्या, तर त्याच्या हातात काही उरत नाही. पुष्कळ घरांत राउटर वेगळा असतो आणि इंटरनेट कंपनीनं दिलेला मोडेम वेगळा. या दोघांमधली केबल १,००० मेगाबिटची. राउटरच्या दृष्टीनं पुढचा रस्ता मोकळाच असतो, म्हणून तो आलेली पाकिटं धडाधड पुढं ढकलतो. त्याच्याकडे रांग लागतच नाही. रांग लागते मोडेममध्ये, आणि मोडेमला खास पाकीट कोणतं आणि साधं कोणतं, याचा पत्ता नसतो. पैसे देऊन आणलेली खास खिडकी मग रिकाम्या सभागृहातल्या राखीव खुर्चीसारखी होते.

यावर उपाय आहे आणि तो थोडा विचित्र वाटेल. राउटरला सांगायचं, की पुढचा वेग १० मेगाबिट असला तरी तू सेकंदाला ९ किंवा साडेनऊच सोड. अशानं मोडेममध्ये कधी गर्दी होत नाही, रांग राउटरच्या अंगणात येते आणि क्रम लावायचं काम त्याच्या ताब्यात राहतं. थोडा वेग सोडून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात विलंब घालवायचा. हा आकडा भरायची सोय बऱ्याच राउटरांच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ या नावाखाली असते. आकडा भरलाच नाही, किंवा जाहिरातीतला फुगवलेला आकडा भरला, तर प्राधान्य नावापुरतंच उरतं.

दुसरी अट दिशेची. आत्तापर्यंत आपण घरून बाहेर जाणाऱ्या पाकिटांबद्दल बोललो. बाहेरून घरात येणाऱ्या पाकिटांची रांग आपल्या दारात लागत नाही. ती इंटरनेट कंपनीच्या टोकाला लागते. पाकीट राउटरकडे पोचलं तेव्हा त्याचं थांबणं होऊन गेलेलं असतं. तिथं राउटर आडवळणानंच काही करू शकतो, आणि ते कसं, हे कळायला थोडा इतिहास सांगावा लागेल.

१९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधली जोडणी अचानक बसली. अंतर सुमारे ४०० यार्ड. सेकंदाला ३२,००० बिट वाहणारी ती वाट ४० बिटांवर आली. गर्दीत पाकिटं हरवत होती, हरवली म्हणून संगणक ती पुन्हा पाठवत होते, आणि त्यामुळं गर्दी आणखी वाढत होती. त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला आणि १९८८ साली तो प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्या संगणकानं पाकीट हरवलं की ती गर्दीची खूण समजायची आणि आपला हात आखडता घ्यायचा. आजही इंटरनेट चालतं ते या स्वयंशिस्तीवर. राउटर याच शिस्तीचा फायदा घेतो. सिनेमाचं एखादं पाकीट तो मुद्दाम टाकून देतो. दूरचा सर्व्हर समजायचं ते समजतो आणि वेग कमी करतो. कंपनीच्या टोकाची रांग ओसरते आणि खेळाची पाकिटं वेळेवर येऊ लागतात. पण हा लांबून लगाम खेचण्याचा प्रकार असल्यानं बाहेर जाणाऱ्या दिशेइतकी पक्की हमी यात मिळत नाही.

तिसरी अट आहे दाराबाहेरची. पाकिटावर ‘हे तातडीचं’ असा शिक्का मारायची सोय इंटरनेटमध्ये पहिल्यापासून आहे. १९८१ साली इंटरनेटचे मूळ नियम लिहिले गेले, तेव्हाच पाकिटाच्या पत्त्यात यासाठी जागा राखली होती. प्राधान्याच्या आठ पायऱ्या होत्या आणि त्यांतली ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ अशी नावं लष्करी तारायंत्रांच्या धाटणीची होती. १९९८ साली या जागेची नव्यानं मांडणी झाली आणि ६४ प्रकारचे शिक्के शक्य झाले. पण आपण घरी मारलेला शिक्का बाहेरच्या जाळ्यानं मानायचं काही बंधन नाही, आणि सहसा तो मानला जात नाही. उघड आहे. मानला असता तर प्रत्येकानं आपल्या प्रत्येक पाकिटावर ‘तातडीचं’ असंच लिहिलं असतं! म्हणून गेमिंग पोर्टची सत्ता घराच्या उंबरठ्यापर्यंतच.

उंबरठ्याबाहेर आणखी एक गोष्ट कोणत्याही राउटरला बदलता येत नाही. ती म्हणजे अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे जायला-यायला किमान ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळं प्रत्यक्षात त्याहून जास्त. खेळाचा सर्व्हर मुंबईत असेल आणि खेळणारा चुकून सिंगापूरचा निवडून बसला असेल, तर महागातला राउटर त्याला वाचवू शकत नाही.

चौथी गोष्ट अटीपेक्षा स्वभावाची आहे. हा पोर्ट केबल ओळखतो, काम ओळखत नाही. आपल्याकडे १ मे २०१७ पर्यंत मंत्र्यांच्या आणि बड्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर लाल दिवे असायचे. गाडी कोणाची यावरून वाट मिळायची. ती तातडीच्या कामाला निघाली आहे की लग्नाच्या जेवणाला, हे कोणी विचारत नसे. रुग्णवाहिकेला आपण वाट देतो ती तिच्या कामामुळं. गेमिंग पोर्ट हा लाल दिव्यासारखा आहे. त्याला जोडलेल्या संगणकावर मुलगा खेळत असेल तोवर ठीक. पण त्याच संगणकावर त्यानं शंभर गिगाबाइटचा नवा खेळ उतरवायला लावला, किंवा आपण खेळल्याची चित्रफीत इंटरनेटवर चढवायला लावली, तर तीही अवजड पाकिटं पहिल्या रांगेत जाऊन बसतात. ‘पहिली रांग रिकामी झाल्याशिवाय दुसरीकडे बघायचं नाही’ हा नियम काटेकोर पाळला, तर दुसऱ्या रांगेतल्या बाकी घराची उपासमार होते. आजोबा दवाखान्यात न जाता डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलत असतील, बहिणीची ऑनलाइन मुलाखत चाललेली असेल. त्यांचं काम खेळाइतकंच उतावळं आहे, पण त्यांना त्या खाचेची केबल मिळालेली नाही.

यावर अधिक न्याय्य वाट आहे आणि ती बरीच जुनी आहे. १९८५ साली जॉन नेगल या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी एक छोटं टिपण लिहिलं. बफर अमर्याद मोठा केला तरी गर्दीचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं. त्यांची सूचना साधी होती. सगळ्यांची एक रांग करू नका. प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करा आणि पंगतीत वाढपी फिरतो तसं फिरत फिरत प्रत्येकाचं एकेक पाकीट घ्या. यात मजा अशी होते, की जो हावरटासारखी हजार पाकिटं आणून टाकतो, त्याची स्वतःचीच रांग लांबते. ज्याचं एकच पाकीट आहे, त्याला आपली पाळी लगेच मिळते.

२०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी पोटफुगीवरचं औषध सांगितलं. रांगेत किती पाकिटं आहेत हे मोजत बसू नका, पाकीट किती वेळ उभं राहिलं ते मोजा. हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या वर गेला आणि शंभरेक मिलिसेकंद तसाच राहिला, तर एखादं पाकीट टाकून द्या, म्हणजे पाठवणारा सावध होईल. नेगल यांची पंगत आणि हे औषध एकत्र करून बनलेली पद्धत त्याच वर्षी लिनक्समध्ये आली, आणि पुष्कळ राउटर आतून लिनक्सवरच चालतात. तिचं तांत्रिक नाव ‘एफक्यू-कोडेल’. या पद्धतीत कोणाला खास ठरवावं लागत नाही. विरळ येणारी, हलकी पाकिटं, म्हणजे खेळ, आवाज, एखादा छोटा निरोप, आपोआप पुढं निघून जातात आणि अवजड पाकिटं उरलेली जागा आपसांत वाटून घेतात. मुलाचा खेळही चालतो, आजोबांचा आवाजही पोचतो आणि ताईचे फोटोही जातात. केबल कोणत्या खाचेत आहे, याचा संबंध उरत नाही.

मग घरी काय करायचं? आधी दुखणं ओळखा. संगणकावर ‘पिंग’ नावाचा आदेश असतो. एखादं पाकीट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले, ते तो सांगतो. घरात सगळं शांत असताना हा आकडा बघा. मग फोनवरून एखादी मोठी चित्रफीत क्लाउडवर चढवायला लावा आणि पुन्हा बघा. शांततेत २० असलेला आकडा चढवताना दोनशे-चारशेवर गेला, तर रांगेचं दुखणं आहे. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये ‘स्मार्ट क्यू’ किंवा ‘एसक्यूएम’ अशी सोय आहे का पाहा, आणि तिथं आपल्या प्रत्यक्ष वेगाच्या ९० ते ९५ टक्के आकडा भरा. आकडा फारसा हललाच नाही, तर मात्र खास पोर्टवर पैसे घालून काही हाती लागणार नाही. दोन्ही दिशांना १०० मेगाबिट देणारी फायबर जोडणी असेल, तर तोच १ मेगाबाइटचा बफर ८० मिलिसेकंदांत रिकामा होतो. रांग लागते, पण लवकर ओसरते.

आणखी एक. गेमिंग पोर्ट घेतल्यावर खेळ सुधारला, असं पुष्कळजण सांगतात आणि ते खरंही असतं. पण त्यातलं काही श्रेय नुसत्या केबलचं असतं. वायफायवर घरातली सगळी यंत्रं एकाच हवेतून आळीपाळीनं बोलतात, शेजारच्या घरातली यंत्रंही त्यात मिसळतात आणि विलंब खालीवर होत राहतो. यंत्र साध्या खाचेत केबलनं जोडलं, तरी हा त्रास जातो.

शेवटी एक मुद्दा घराबाहेरचा. रांगेत कोणाला पुढं घ्यायचं हा प्रश्न घरातल्या राउटरपुरता असतो तोवर तो घरातल्या माणसांनी बसून सोडवावा. पण हाच अधिकार रस्त्यावरच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या हाती गेला तर? जो पैसे देईल त्याच्या पाकिटांना पुढची रांग, बाकीच्यांनी मागं थांबा, असं झालं तर? आपल्या देशात २०१५-१६ मध्ये यावर मोठा वाद झाला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं, मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी पाकिटं अडवणं, मंदावणं किंवा मजकुरानुसार त्यांना झुकतं माप देणं याविरुद्ध शिफारशी केल्या आणि २०१८ साली सरकारनं त्या स्वीकारल्या. गर्दीच्या वेळी वाजवी व्यवस्था लावायला आणि काही विशेष सेवांना त्यांत मुभा आहे. नेट न्यूट्रॅलिटी म्हणून जो शब्द आपण ऐकतो, तो हाच.

राउटरच्या पाठीमागच्या त्या एका खाचेत हा सगळा प्रश्न लहान रूपात दडलेला आहे. वाट अपुरी असली की कोणालातरी थांबावं लागणार. मग कोणी थांबायचं, हे केबल कोणाच्या हाती लागली त्यावरून ठरावं, की कोणाचं काम खोळंबतंय त्यावरून? नवा राउटर घ्यायला निघण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून तो पिंगचा आकडा बघावा. गेमवरून बोलणी खाणाऱ्या मुलाला कदाचित न्याय मिळेल, आणि पुष्कळ घरांत नव्या राउटरचे पैसेही वाचतील.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)